उघडायच्या दिवसाची हजेरी

शिक्षकांना सुट्ट्याच सुट्ट्या, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी आता वाद घालत नाही. पूर्वी घालायचे. लग्नाच्या पंगतीत, किराणा दुकानात, बसच्या रांगेत, कुठेही. समोरचा हसून म्हणायचा, बाई, उन्हाळ्यात घरी बसून पगार घेता की. मी म्हणायचे, घेते. पण त्या बदल्यात सरकारनं आमची अर्जित रजा काढून घेतलीय, हे ठाऊक आहे का तुम्हाला? दुसऱ्या खात्यातला माणूस रजा साठवतो, अडीअडचणीला काढतो, उरली तर निवृत्त होताना तिचे पैसे घेतो. आमचं खातं दीर्घ सुट्टीचं. आम्हाला साठवायला काही नाही. आमच्या घरात कुणाला आजारी पडायचं असेल तर त्यानं दिवाळीत नाहीतर मे महिन्यात पडावं, एवढीच सोय आहे.

माझे वडील दिवाळीतच आजारी पडले. फक्त एक दिवस आधी.

त्या दिवशी सकाळी मी शाळेला निघायच्या तयारीत होते. भिंगारहून माझी शाळा लांब, करंजी घाट ओलांडून पाथर्डी तालुक्यात, फाट्यावरून आत डोंगराच्या कडेला एक वस्ती आहे तिथं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस होता आणि मी डबा भरत होते. आप्पा बाथरूमच्या दारात उभे होते, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसता आवाज आला. मग ते दाराला धरून खाली बसले. त्यांची उजवी बाजू गेली होती.

रिक्षानं नगरला नेलं. जिल्ह्याचं नाव बदललं, बसच्या पाट्या बदलल्या, पण रिक्षावाला नगरच म्हणतो आणि मीही. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झालाय, आयसीयूत ठेवावं लागेल. दुपारी कधीतरी मला शाळा आठवली. मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, आजचं राहू द्या, वडिलांकडे बघा. मग म्हणाले, पण मॅडम, उघडायच्या दिवशी मात्र या.

हे काय प्रकरण आहे ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे मोठ्या सुट्टीला दोन टोकं असतात, शाळा मिटायचा दिवस आणि शाळा उघडायचा दिवस. दोन्हींपैकी एका दिवशी तरी हजर असाल तर मधली सुट्टी ही सुट्टी, आणि तिचा पगार मिळतो. दोन्ही टोकं चुकली, तर मधले सगळे दिवस तुम्ही रजेवर होता असं धरतात. मग लक्ष्मीपूजन असो की भाऊबीज, तो दिवससुद्धा तुमच्या रजेत जमा. जिल्ह्यातला एकही शिक्षक असा नसेल की ज्याला हे माहीत नाही. तापानं फणफणलेले गुरुजी मी शाळा उघडायच्या दिवशी मोटारसायकलच्या मागं बसून आलेले पाहिलेत. एक बाई बाळंतपणातून उठून आल्या होत्या. आम्ही त्यांचं कौतुक केलं होतं.

माझं एक टोक त्या सकाळी बाथरूमच्या दारात सुटलं. दुसरं धरून ठेवायचं होतं.

रजाच नव्हती का, असं कुणी विचारेल. किरकोळ रजा मुलाच्या दवाखान्यात आणि आप्पांच्या तपासण्यांत संपली होती. अर्ध्या पगाराची जी मिळते ती मी माझ्या पिशवीच्या ऑपरेशनला वापरली होती. बालसंगोपन रजा म्हणून एक आहे, ती मुलांसाठी. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत सरकार आईला त्याच्याजवळ बसू देतं. ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्याजवळ बसण्यासाठी वेगळी अशी रजा मला कुणी दाखवली नाही. उरते ती असाधारण रजा. नाव ऐकून वाटतं काहीतरी मोठा मान आहे. अर्थ एवढाच की रजा घ्या, पगार मागू नका.

आणि पगार मागू नका हे परवडणारं नव्हतं. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा मुलगा रोज संध्याकाळी माझ्याकडे बघायचा आणि मी पर्स उघडायचे. नवरा एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याला तर दसऱ्यालाही कामावर गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी नाही. पहिले काही दिवस तो माझ्याबरोबर थांबला, मग सुपरवायझरनं सांगितलं की उद्या आला नाहीस तर तुझ्या जागेवर दुसरा उभा राहील. घरात नक्की येणारा पगार एकच, माझा.

ह्यातली गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की हे सगळे नियम मला पाठ होते ते आप्पांमुळे. आप्पा नगरलाच एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होते. म्हणजे लोकांच्या रजांचे अर्ज त्यांच्या टेबलावरून जायचे. रजा हा हक्क नाही, हे वाक्य मी लहानपणी रामरक्षेइतक्या वेळा ऐकलंय. मागितली म्हणून मिळाली असं नसतं, सोय बघून देतात, असं ते समोरच्याला समजावायचे, आणि समोरचा मान डोलावून घरी जायचा. स्वतः कधी रजा घ्यायचे नाहीत. आई आता नाही. ती पुणतांब्याची, गोदाकाठची. राखीला माहेरी जाऊ म्हणाली की आप्पा विचारायचे, रविवारला जोडून येतेय का? येत नसली तर आम्ही दोघी जायचो आणि ते स्टँडवर पोचवायला यायचे, तेही ऑफिसच्या वेळेआधी. आई त्यांना चिडवायची की तुम्ही मरणालासुद्धा सुट्टीचा दिवस बघाल. ते हसायचे नाहीत, कारण त्यांना त्यात चिडवण्यासारखं काही दिसायचं नाही.

मला त्यांचा राग यायचा. शाळेचं गॅदरिंग, दहावीचा निकाल, माझं पहिलं बाळंतपण, सगळीकडे ते संध्याकाळी सहानंतर आले. पण मला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या, घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेव आणि सुट्टीच्या टोकांना घरी राहू नको.

दिवाळी हॉस्पिटलच्या जिन्यात गेली. खाली रस्त्यावर फटाके वाजत होते आणि आम्ही आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आत दिवसातून दोनदा सोडायचे, एका वेळी एकालाच. आप्पा डोळे मिटून पडलेले असायचे. मी हात धरायचे. एखाद्या दिवशी बोटं हलायची. मला त्यांच्याशी फार काही बोलायचं होतं असं नाही. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता. त्या बाथरूमच्या दारात जो आवाज निघाला होता, तो शेवटचा असू नये एवढंच मी मागत होते. देवाला, डॉक्टरला, जो भेटेल त्याला.

सुट्टी संपत आली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय थकलंय म्हणाले. शुद्धीवर येऊ शकतात, बोलूही शकतात, पण आता जवळ राहा. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मी हिशेब केला की शाळा परवा उघडते.

पुन्हा मुख्याध्यापकांना फोन केला. माणूस चांगला आहे, माझ्याहून वयानं लहान. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, पूर्वीचं हजेरीपत्रक असतं तर तुमचा रकाना मोकळा ठेवला असता, आठ दिवसांनी सही केली असतीत तरी चाललं असतं. आता मोबाईलवर फोटो काढून हजेरी लावायची आणि तीही शाळेच्या आवारात उभं राहून, त्याला मी काय करणार? तुम्ही फक्त या. हजेरी लावा आणि लगेच मागे फिरा, दिवसभर मी सांभाळतो. तेवढं टोक धरा.

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच. नवऱ्याला सकाळची पाळी होती. शेवटी शेजारच्या मावशींना विचारलं. मावशी निवृत्त नर्स, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, आप्पांशी रोज सकाळी कुंपणावरून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, तू जा बाळा, मी बसते, आतल्या सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेल्या आहेत.

उजाडायच्या आत मी पहिली बस पकडली. मोबाईल रात्रभर बंद करून ठेवला होता, चार्जिंगला जागा मिळाली नव्हती आणि उरलेली बॅटरी जपायची होती. चालू केला, पण तो नुसता मावशींच्या फोनसाठी धरून ठेवला. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपचा आवाज मी पाडव्यालाच बंद केला होता. तिथं दिव्यांचे आणि लक्ष्मीच्या पावलांचे फोटो पडत होते आणि मला ते बघवत नव्हते. बसमध्ये पुढच्या सीटवरचे दोघं बोलत होते. कुणीतरी मोठे साहेब रात्री गेले, मुंबईला, फार वाईट झालं. कंडक्टरही हळहळला. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझा माणूस जात होता, दुसऱ्याच्या माणसाला माझ्या डोक्यात जागा नव्हती.

फाट्यावर उतरले. तिथून वस्तीवर जायला एरवी जीप असते. त्या दिवशी नव्हती. चहाची टपरीही बंद होती. मला तेव्हाही काही सुचलं नाही, मी पदर खोचला आणि चालायला लागले. दिवाळीनंतर तो रस्ता तसाही ओसाड असतो. आमच्या भागातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, कारखान्यांवर, आणि पोरं त्यांच्याबरोबर. घरांना कुलपं लागतात. दिवाळीनंतर पट निम्मा होतो, हे आम्हाला पाठ असतं, आणि तरी उघडायच्या दिवशी आम्ही हजर असतो.

शाळेलाही कुलूप होतं.

मी घड्याळ बघितलं. उशीर नव्हता झाला. पायरीवर बसले, उठले, पुन्हा कुलपाला हात लावून बघितला. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिचा मुलगा-सून कारखान्यावर गेलेले, ती नातवाला घेऊन मागं राहते. तिनं मला बघितलं आणि तिला माझी दया आली असावी.

"बाई, आज कशाला आल्या वं? आज सुट्टी हाय. कुनी मोठा मानूस गेलाय न्हाई का. रातीच मोबाईलवर आलंय म्हनं, सगळ्या राज्याला सुट्टी."

वस्तीवर मोबाईलला रेंज फक्त शाळेच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर मिळते. हजेरी लावायलाही आम्ही रोज तिथंच चढतो, वर तोंड करून, एका हातानं खांब धरून. मी चढले. इंटरनेट चालू केलं आणि एकावर एक संदेश पडायला लागले. दुखवटा. शासकीय सुट्टी. शाळा आता उद्या उघडणार. मुख्याध्यापकांचे रात्रीचे तीन-चार फोन येऊन गेले होते. मी तरी हजेरीचं ॲप उघडलं, स्वतःचा फोटो काढला. आज सार्वजनिक सुट्टी असल्यानं हजेरी नोंदवता येणार नाही, असं त्यानं मला सांगितलं. मी दोनदा केलं. मला वाटत होतं की एवढ्या लांबून आलेल्या माणसाला ते नाही म्हणणार नाही.

मुख्याध्यापकांना लावला. ते हळहळले. म्हणाले, मी किती फोन केले मॅडम, लागलाच नाही. आता उघडायचा दिवस उद्याचा धरणार. उद्या यावं लागेल तुम्हाला.

मी काही बोलायच्या आत मावशींचा फोन आला.

"अगं, कुठं आहेस तू? आप्पा बोलतायत. नीट बोलतायत. तुला विचारतायत."

मी विचारलं काय म्हणाले. मावशी रडत होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, मी त्यांना सांगितलं की लेक शाळेत गेलीय, आज उघडायचा दिवस. तर म्हणाले, बरोबर आहे. आणि मग विचारलं, डबा नेला का तिनं?

मी म्हटलं, मावशी, त्यांना फोन द्या. त्या म्हणाल्या आत फोन नेऊ देत नाहीत, तू ये, लवकर ये. मी टाकीवरून उतरले ते कशी उतरले मला आठवत नाही. गुडघा फुटला होता हे मला नंतर कळलं.

फाट्यापर्यंत मी पळत गेले आणि तिथं दुपारपर्यंत उभी राहिले. तालुक्यात बंद पाळला होता. टपरीच्या पत्र्यावर एवढ्यात कुणीतरी साहेबांचा फोटो लावून गेलं होतं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि तिघा-चौघांची नावं. बस नाही, जीप नाही. मोटारसायकलवाल्यांना हात करत होते. त्यांच्या मागं बायका-पोरं होती. मी त्या फोटोवर ओरडले. रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून ओरडले. मेलेल्या माणसाला मी असं बोलले याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही फारशी वाटत नाही. त्यांच्यासाठी अख्खं राज्य थांबलं होतं आणि माझ्यासाठी एक जीप थांबत नव्हती.

शेवटी एक ट्रक थांबला. ऊसतोडीला निघालेला. वर बोचकी, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या आणि माणसं. आमच्या बाई हायत, असं वरून कुणीतरी ओरडलं. चौथीतली एक मुलगी होती माझी, आईच्या मांडीला रेलून. तिच्या आईनं मला हात देऊन वर घेतलं. ट्रक राहुरीकडे निघाला होता, भिंगारवरूनच जाणार होता.

पण तो रमतगमत चालला होता. एका गावात मुकादमानं थांबवून माणसं मोजली. पुढं नारळ फोडला. घाटाच्या तोंडाशी इंजिन तापलं म्हणून पाणी ओतत बसले. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी कुणाच्या ट्रकमध्ये कुणावर ओरडणार? मुलीच्या आईनं विचारलं, बाई, घरी काय झालंय का? मी सांगितलं. सगळंच सांगितलं, आप्पांचं, टाकीवरचं, उद्या पुन्हा जायचं आहे ते. ती भाकरी मोडून माझ्या हातात देत होती.

"आमाला खाडा पडतो, बाई," ती म्हणाली. "एक दिस न्हाई गेलं तर दोन दिसाची मजुरी कापत्यात. सासरा फडातच गेला माझा. सकाळी माती दिली अन् दुपारी मी ऊस तोडीत हुते."

ती मला काही शिकवत नव्हती, तिचं सांगत होती. असं ऐकलं की आपलं दुःख लहान वाटायला पाहिजे म्हणतात. माझं नाही झालं. मला फक्त एवढं कळलं की त्या ट्रकमध्ये बसलेल्या कुणालाच त्यांच्या माणसाजवळ बसायची परवानगी नव्हती, आणि मी त्यांच्यातच होते. पोरगी झोपली होती. घाट उतरेपर्यंत मी तिचं डोकं धरून बसले.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा दिवे लागले होते. मावशी जिन्यातच भेटल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आप्पा दुपारनंतर पुन्हा झोपेत गेले होते. हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. सकाळभर बोलले, मावशी सांगत होत्या. ऑफिसचं काहीबाही, आईच्या हातच्या थालीपिठाचं, कुंपणाजवळचा कढीपत्ता वाळतोय त्याला पाणी घाला म्हणाले. मधेमधे विचारायचे, आली का, मग स्वतःच म्हणायचे, साडेपाचला सुटते तिची शाळा. मी मावशींना तेच तेच पुन्हा सांगायला लावलं. कुठल्या आवाजात म्हणाले? जड होता का? पूर्वीसारखा होता का? त्या बिचाऱ्या आठवून आठवून सांगत होत्या. माझ्या बापाचा आवाज मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आणि तोही सुट्टीच्या दिवशी. सगळं राज्य घरी होतं. मी एकटी कामावर गेले होते.

नवरा म्हणाला, उद्या जाऊ नकोस. मी म्हटलं, काउंटरवर काय देऊ? मी जायचं ठरवलं होतं. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण लोक समजतात की असल्या वेळी माणूस आपोआप शहाणा होतो. मी सकाळी पर्स घेऊन स्टँडवर जाऊन उभी राहिले. बस लागली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो पाळीवर निघता निघता हॉस्पिटलमध्ये डोकावला होता. आप्पांना आयसीयूतून बाहेर खोलीत हलवतायत म्हणाला. मी विचारलं, बरं वाटतंय का? तो म्हणाला, नाही, डॉक्टर म्हणतात आता आत ठेवून उपयोग नाही, घरच्यांना जवळ बसता यावं म्हणून हलवतायत.

कंडक्टरनं विचारलं, बाई, येताय का? मी मान हलवली आणि परत फिरले.

खोलीत खिडकी होती. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर ऊन बघितलं. मी खुर्ची ओढून बसले नाही, उभीच राहिले, कारण बसले तर रडेन असं वाटत होतं. त्यांची दाढी वाढली होती. आप्पांची दाढी मी कधी वाढलेली बघितली नव्हती. मुख्याध्यापकांचा फोन आला, मी येत नाही एवढंच सांगितलं. ते म्हणाले, विचार करा मॅडम, दोन्ही टोकं जातील. मी म्हटलं, जाऊ द्या.

दुपारी आप्पांनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिले. मी वाकले. मला वाटलं ते माझं नाव घेतील.

"तू इथं कशी?" ते म्हणाले.

आवाज खरखरीत होता, पण त्यांचा होता. मी म्हटलं, इथंच आहे आप्पा, तुमच्याजवळ. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ऑफिसातून घरी आल्यावर कुणी वेळेआधी निघून गेल्याचं सांगताना पडायची ती.

"शाळा?"

मी काय सांगणार होते? रजा काढली म्हणाले असते, तर त्यांनी कुठली म्हणून विचारलं असतं. आणि आप्पांच्या समोर नसलेल्या रजेचं नाव घ्यायची छाती माझी कधीच नव्हती, त्या दिवशीही नव्हती.

"सुट्टी आहे, आप्पा," मी म्हटलं. "एक मोठे साहेब गेलेत. दुखवटा आहे. सरकारनं जाहीर केलीय."

ते विचार करत होते. मला दिसत होतं की ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पडताळून बघतायत. मग आठी गेली. चेहरा सैल झाला.

"मग बस," ते म्हणाले.

मी बसले. त्यांचा चालणारा हात माझ्या हातात होता. ते पुन्हा काही बोलले नाहीत. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा ते गेले, शांतपणे, मला आधी कळलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. माझ्याकडून खुलासा मागवला, मी तो दिला. दोन्ही टोकं चुकली होती, त्यामुळे ती सगळी दिवाळी माझ्या नावावर असाधारण रजा म्हणून लागली आणि तेवढा पगार गेला. नवऱ्यानं दुहेरी पाळ्या केल्या, मावशींनी थोडे दिले, आम्ही तरलो. तेरावं झालं नव्हतं तरी मी शाळेत हजर झाले. लोक विचारतात की पगार गेल्याचं वाईट नाही का वाटलं. वाटलं. पण मला रात्री जाग येते ती त्यासाठी नाही. जन्मभर मी वाट बघत होते की माझा बाप कधीतरी, कामाच्या दिवशी, मला जवळ बस म्हणेल. शेवटच्या दिवशी ते म्हणाले. पण त्यांच्या लेखी त्या दिवशी सुट्टी होती, आणि तसं मीच त्यांना सांगितलं होतं.